दोन नळ्या

उणे चौतीस.
हा आकडा आमच्याकडे कुणी मोठ्याने उच्चारत नाही,
नुसतं गॅरेजचं दार पटकन लोटून घेतात.

झेनन आला, मागोमाग नेस्टर.
एकाच ट्रकमधून उतरले, दोन बाजूंनी,
आणि दोघांनीही तक्रार मलाच सांगितली.
"पंखा फिरतो, वारा थंड," झेनन म्हणाला.
"पंखा फिरतो, वारा थंड," नेस्टर म्हणाला,
जणू आधी कुणी बोललंच नव्हतं.

ट्रकने सव्वीस हिवाळे पाहिलेले.
जाळीतून लोंबणारी ब्लॉक हीटरची वायर,
रेडिएटरसमोर खोचलेला
बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा.
काचेवर बर्फ आतून,
आणि तो खरवडायला दोन खरवडण्या:
एक डावीकडे, एक उजवीकडे.
बापाने मृत्युपत्रात ट्रक दोघांच्या नावे लिहिला,
जमीन मात्र वाटून दिली;
मधल्या पट्टीवरून अकरा वर्षं अबोला.
पट्टीवर गहू नाही, नुसतं तण.

काका म्हणायचा, आधी डोकं, मग पाना.
इंजिन चालू ठेवलं, अर्धा तास.
काटा चढत चढत मधोमध येऊन थांबला.
थर्मोस्टॅट शाबूत, म्हणजे
ऊब तयार होते आहे,
पोचत नाही एवढंच.
झरोक्यासमोर पावती धरली: फडफडली.
गरम-थंडची कळ फिरवून कान लावला:
डॅशबोर्डच्या पोटात झडप टक्‌ करून हलली.
मग हातमोजा काढला.

इंजिनच्या मागच्या पत्र्यातून
दोन रबरी नळ्या केबिनमध्ये शिरतात. खरं तर
एक जाते, एक परत येते.
दोन्ही धरल्या, नाडी धरतात तशा.
जाणारी चटका देणारी.
येणारी
तळघरातल्या बटाट्यासारखी गार.

"आतलं हीटर कोअर तुंबलंय.
यात कुणी काही ओतलं होतं का?"

झेनन बुटाकडे बघत म्हणाला,
"गळत होतं. ऑगस्टमध्ये. थेंब थेंब.
गळती बुजवायची एक बाटली ओतली मी."
नेस्टरने मान वर केली.
"ऑगस्टमध्ये?"
"ऑगस्टमध्ये."
"मी पण."

दोन बाटल्या. अख्ख्या.
एकाने दुसऱ्याला सांगितलं असतं तर एक पुरली असती,
कदाचित अर्धी.
गळती बुजली, आणि तिच्यासोबत
केसाएवढ्या वाटाही बुजल्या
ज्यांतून ऊब माणसांपर्यंत येते.
हे मी बोलले नाही.
माझे दर तासाचे आहेत, उपदेशाचे नाहीत.

इंजिन निवायला वेळ लागतो.
तापलेलं झाकण उघडणाऱ्यांची तोंडं
मी पाहिली आहेत.
तोवर दोघं दोन पालथ्या बादल्यांवर बसले,
कॉफी प्यायले. साखरेचा डबा
एकाने ठेवला, मग दुसऱ्याने उचलला,
हातातून हातात गेला नाही.

नळ्या सोडल्या.
येणाऱ्या बाजूने पाणी सोडलं, हळूहळू, उलटं,
कारण तुंबलेलं आलं त्या वाटेनेच जातं.
आधी काहीच नाही.
मग एक उचकी,
आणि बाहेर पडला चॉकलेटी गाळ,
मधे चमचमणारे तांब्याचे कण.
दोघं वाकून बघत होते.
"हे तुझं," नेस्टर म्हणाला.
"हे तुझं," झेनन म्हणाला.
अकरा वर्षांतलं पहिलं संभाषण, आणि ते गाळाबद्दल.

पाणी नितळ येईस्तोवर थांबले.
नवं कूलंट भरलं, हवा काढली,
नळ्या पुन्हा धरल्या:
दोन्ही गरम,
येणारी किंचित कमी. इतकं चालतं.
केबिनमध्ये जळक्या धुळीचा वास, मग
खरोखरची ऊब,
काचेवरचा बर्फ सुटून पट्ट्यापट्ट्यांनी घसरला.
नेस्टरने टोपी काढली.
झेननने पंखा एक घर कमी केला.
नेस्टरने परत वाढवला.

बिल दोघांनी अर्धं अर्धं दिलं, वेगवेगळ्या खिशांतून.

आणि मग फरशीवर, ट्रकखाली,
टप्‌.
मी टॉर्च मारला. तीच ऑगस्टची गळती,
गाळासोबत तिचं बूचही निघून गेलेलं.
डबा सरकवला खाली.
"गुरुवारी जोडणी बदलते," मी म्हणाले,
"तोवर काही ओतू नका."
दोघांनीही मान हलवली,
दोघांनीही
दुसऱ्याकडे बोट दाखवलं.